पंपरूममधलं हिरवं बटण आणि त्यामागचा स्टार्टर

नेरूळ असो, कोपरखैरणे असो की ठाण्याचा घोडबंदर रोड, सोसायटीच्या पंपरूममध्ये गेलात की भिंतीवर एक राखाडी पेटी दिसतेच. हाच मोटरचा स्टार्टर. एक हिरवं बटण, एक लाल बटण, लाल-पिवळा-निळा असे तीन दिवे, कधी एखादा अँपिअर मीटर. वॉचमन हिरवं बटण दाबून बोट काढतो, आत 'खट्' होतं आणि खालच्या टाकीतलं पाणी वर चढायला लागतं. मोटर चालू करणं हेच या पेटीचं काम, असं आपण धरून चालतो. पण नुसती चालू करायची असती तर एक जाड खटका पुरला असता. पेटी उघडून एकेक वायर हाताने मागे नेत गेलं की कळतं, यातल्या बहुतेक वायरी मोटर कधी थांबवायची हे ठरवण्यासाठी आहेत.

रबाळे-महापे पट्ट्यात पॅनेलच्या कामात असल्यामुळे जळालेल्या मोटरी मला नेहमी पाहायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच मोटरींचा स्टार्टर धडधाकट असतो, फक्त त्याला थांबवण्याचं काम करू दिलेलं नसतं. म्हणून सोसायटीच्या कमिटीवर असलेल्यांना, छोटं वर्कशॉप चालवणाऱ्यांना आणि आयटीआयच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी मोटरबद्दल थोडंसं. थ्री फेज म्हणजे आर, वाय आणि बी. कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट आणि एक फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २४०. प्रत्येक फेजचं व्होल्टेज सेकंदाला ५० आवर्तनं करतं, पण तिन्ही एकदम चढत नाहीत. एकामागून एक, सारख्या अंतराने चढतात. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या चक्राभोवती तीन माणसं सारख्या अंतरावर उभी राहिली आणि पाळीपाळीने धक्का देत राहिली, तर चक्र कुठेही न अडखळता फिरत राहील. मोटरच्या बाहेरच्या भागातली तीन वाइंडिंग्ज (तारेची वेटोळी) हेच करतात, आणि त्यांच्यामुळे मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र गरगर फिरायला लागतं. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरीत हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, दोन पोलच्या मोटरीत ३०००. मधल्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, बाहेरून एकही वायर जात नाही. फिरतं क्षेत्र त्याच्यावरून जाताना त्याच्यात करंट तयार करतं आणि त्याला आपल्यामागे ओढतं. रोटर क्षेत्रापेक्षा थोडा मागे राहिला तरच हा करंट तयार होतो, म्हणून नेमप्लेटवर १५०० ऐवजी १४४०च्या आसपासचा आकडा असतो. मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी जर्मनीत १८८९ साली अशी थ्री फेज मोटर बनवली. आज वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत शेडमध्ये फिरणाऱ्या बहुतेक मोटरी मुळात त्याच तत्त्वाच्या आहेत.

आता मोटर उभी असताना काय होतं ते पाहू. रोटर जागेवर आहे आणि क्षेत्र मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगाने फिरतंय. दोघांच्या वेगातला फरक सगळ्यात जास्त, म्हणून रोटरमधला करंट सगळ्यात जास्त, आणि तो पुरवण्यासाठी लाइनमधून ओढला जाणारा करंटही सगळ्यात जास्त. नेहमीच्या चालत्या करंटच्या सहा ते सात पट. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. चालू होताना तीच काही क्षण ४५-५० अँपिअर खेचते. मोटर वेग धरते तसा हा आकडा उतरतो. सगळ्या सर्किटची अडचण इथे आहे. हा मोठा करंट सुरुवातीचे काही सेकंद चालला तर ठीक, त्याहून जास्त चालला तर वाइंडिंग जळेल. स्टार्टरला या दोन गोष्टींतला फरक ओळखता आला पाहिजे.

पेटी उघडली की दोन प्रकारच्या वायरी दिसतात, जाड आणि बारीक. जाड वायरींचा रस्ता सरळ आहे: वरून येणारा आयसोलेटर (सगळा पुरवठा तोडणारा मेन खटका), मग फ्यूज किंवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका), मग कॉन्टॅक्टर, त्याच्याखाली ओव्हरलोड रिले (या दोघांबद्दल पुढे सांगतो), आणि तिथून केबल मोटरकडे. याला पॉवर सर्किट म्हणतात. बारीक वायरी बटणं, दिवे, फ्लोट (टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच), टायमर असं फिरत फिरत शेवटी कॉन्टॅक्टरच्या कॉइलपाशी जातात. ते कंट्रोल सर्किट. मोटरचा करंट हिरव्या बटणातून कधीच जात नाही. बटणातून फक्त कॉइलचा करंट जातो आणि तो एक अँपिअरच्याही खूप खाली असतो. म्हणून बटण बोटाएवढं असतं, आणि म्हणूनच ते पॅनेलपासून लांब, वॉचमनच्या केबिनमध्येही लावता येतं.

कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा तीन पोलचा खटका, प्रत्येक फेज जोडायला-तोडायला एक पोल. वर १, ३, ५ या टर्मिनलवर लाइन येते, खाली २, ४, ६ वरून मोटरकडे जाते. कॉइलच्या टर्मिनलवर ए१ आणि ए२ लिहिलेलं असतं. कॉइलला व्होल्टेज मिळालं की चुंबक आतला सरकता भाग खेचून घेतो आणि तिन्ही पोल एकदम जुळतात. व्होल्टेज गेलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते. याच्याबरोबर एक-दोन छोटे कॉन्टॅक्टही हलतात. त्यांच्यातून मोटर चालत नाही, पण कॉन्टॅक्टर आत गेलाय की बाहेर आहे हे ते बाकीच्या सर्किटला सांगतात. १३-१४ हा एनओ, म्हणजे एरवी उघडा असलेला आणि कॉन्टॅक्टर खेचल्यावर जुळणारा. २१-२२ हा एनसी, त्याच्या उलट.

कॉन्टॅक्टरबद्दल एक गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे. एसी कॉइल खेचायच्या क्षणी बराच जास्त करंट घेते, आणि चुंबकाचे दोन्ही भाग एकमेकांना पूर्ण चिकटले की तो करंट खूप खाली येतो. मध्ये फट राहिली तर करंट खाली येत नाही. पावसाळ्यात उबेला आलेली पाल चुंबकाच्या फटीत सापडते, किंवा खाडीच्या खाऱ्या हवेने चुंबकाच्या तोंडावर गंज धरतो. मग कॉन्टॅक्टर पूर्ण बसत नाही आणि जोरात घुंघुं करायला लागतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर थोड्याच वेळात कॉइल तापून वितळते. नवीन कॉइल टाकण्याआधी चुंबकाची दोन्ही तोंडं पुसून पाहा, नाहीतर ती पण जाईल. चुंबकाच्या तोंडावर तांब्याची एक छोटी कडी बसवलेली असते. एसी करंट दर आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्या क्षणी ओढ टिकवून ठेवण्याचं काम ती करते. ती तुटली तरीही कॉन्टॅक्टर असाच थरथरतो.

आता बारीक वायरी. सगळ्यात साध्या डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरचं कंट्रोल सर्किट एकाच ओळीत वाचता येतं. फेज आधी छोट्या कंट्रोल फ्यूजमधून येतो. मग ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा एनसी कॉन्टॅक्ट. मग लाल बटणाचा एनसी. मग हिरव्या बटणाचा एनओ. मग कॉइलचा ए१. ए२ वरून न्यूट्रल, किंवा कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर दुसरा फेज. सगळं एकामागून एक, सिरीजमध्ये. यातलं एक जरी उघडलं तरी कॉइल सुटते.

हिरवं बटण दाबलं की ओळ पूर्ण होते, कॉइल खेचते, मोटर फिरते. पण बोट काढलं की बटण पुन्हा उघडतं. मग मोटर चालू कशी राहते? इथे १३-१४ कामाला येतो. हा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. कॉन्टॅक्टर खेचला की १३-१४ जुळतो आणि बटण सुटल्यावरही कॉइलला त्याच वाटेने करंट मिळत राहतो. आमच्याकडे याला होल्डिंग म्हणतात. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. हिरवं बटण दाबल्यावर मोटर चालते आणि सोडल्याबरोबर थांबते, अशी तक्रार आली तर नव्वद टक्के वेळा १३-१४ ची वायर सुटलेली असते, नाहीतर तो कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो.

होल्डिंगचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लाइट गेली की कॉइल सुटते आणि १३-१४ ही उघडतो. लाइट परत आली तरी कोणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर चालू होत नाही. तुर्भ्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लाइट गेल्यावर कामगार लेथमध्ये अडकलेला तुकडा हाताने काढत असेल आणि नेमकी तेव्हाच लाइट आली, तर त्याची बोटं शाबूत राहतात ती या एका छोट्या कॉन्टॅक्टमुळे. मशिनच्या मोटरला साधा खटका लावू नये, यामागचं एक मोठं कारण हेच.

लाल बटण एनसी का, एनओ का नाही, असं आयटीआयची मुलं नेहमी विचारतात. त्याला दाबल्यावर वायर तोडायची असते हे एक उत्तर झालं, पण त्याहून मोठं उत्तर वेगळं आहे. समजा लाल बटण दूर शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याच्याकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली. बटण एनसी असेल तर वायर तुटताच मोटर थांबते आणि बिघाड लगेच कळतो. थांबवायला करंट सोडावा लागेल अशी रचना असती, तर वायर तुटल्याचं कोणालाच कळलं नसतं, आणि खरंच थांबवायची वेळ येईल तेव्हा बटण दाबून काहीही झालं नसतं. थांबवणारी प्रत्येक गोष्ट एनसी आणि सिरीजमध्ये घ्यायची, मग ती इमर्जन्सी स्टॉप असो, मशिनच्या गार्डचा (संरक्षक झाकणाचा) लिमिट स्विच असो की प्रेशर स्विच. आणि चालू करणारी प्रत्येक गोष्ट एनओ आणि समांतर. दोन ठिकाणांहून मोटर चालवायची असेल तर दोन्ही हिरवी बटणं समांतर जोडतात आणि दोन्ही लाल बटणं सिरीजमध्ये. एवढं डोक्यात बसलं की कुठलाही कंट्रोल ड्रॉइंग वाचायची भीती राहत नाही.

सोसायटीच्या पंपात यात फ्लोट किंवा लेव्हल कंट्रोलरची भर पडते. सिलेक्टर स्विच मॅन्युअलवर असेल तर वर सांगितलेलं सर्किट चालतं. ऑटोवर टाकला की हिरवं बटण आणि होल्डिंग बाजूला पडतात, आणि वरच्या टाकीचा फ्लोट व खालच्या टाकीचा फ्लोट यांच्यामधून कॉइलला फेज मिळतो. वर पाणी कमी आहे आणि खाली पुरेसं आहे, अशा दोन्ही अटी जुळल्या तरच पंप चालतो. खालची अट कधीही डायरेक्ट करून ठेवू नका. पाण्याशिवाय फिरणाऱ्या पंपाचं मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी गळू न देणारा भाग) थोड्याच वेळात जातं, कारण त्याला थंड ठेवणारं पाणीच नसतं. आणि कोरडा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप करंट कमी घेतो, जास्त नाही, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला त्याची खबरही लागत नाही.

ऑटोमध्ये होल्डिंगचं ते संरक्षणही नसतं. लाइट आली आणि टाकी रिकामी असली की पंप आपोआप सुरू होतो. म्हणून ऑटोवरच्या पंपाला कोणीही हात लावण्याआधी सिलेक्टर ऑफ करून चालत नाही, आयसोलेटर खाली पाडून त्याला कुलूप लागलं पाहिजे आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असली पाहिजे. एकाच वेळी दोन-तीन पंप ऑटोवर असतील तर प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळेचा टायमर द्यावा. लाइट येताच सगळ्यांनी एकदम सहा-सहा पट करंट खेचला तर मेन एमसीबी उडतो आणि सगळी बिल्डिंग अंधारात जाते.

आता ओव्हरलोड रिले. या पेटीत सगळ्यात जास्त अन्याय याच्यावरच होतो. यात तीन पट्ट्या असतात, प्रत्येक फेजला एक. प्रत्येक पट्टी दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून बनवलेली. मोटरचा करंट वाढला की पट्टी तापते, दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि वाकता वाकता ९५-९६ उघडते. रिले जाड वायरी स्वतः तोडत नाही. तो फक्त बारीक वायरीतली एक जागा उघडतो आणि बाकीचं काम कॉन्टॅक्टर करतो. त्यामुळे कॉन्टॅक्टरचे पोल एकमेकांना चिकटून बसले असतील, तर रिले ट्रिप होऊनही मोटर चालूच राहते.

पट्टी तापायला वेळ लागतो आणि हाच त्या रचनेचा गुण आहे. नेहमीच्या क्लास १० (किती वेळात ट्रिप होतो त्याचा वर्ग) रिलेमध्ये सेटिंगच्या, म्हणजे डायलवर लावलेल्या आकड्याच्या, ७.२ पट करंट गेला तर थंड अवस्थेतून तो ४ ते १० सेकंदांत ट्रिप होतो. मोटर सुरू होताना काही सेकंद सहा पट करंट जातो, तेवढ्यात पट्टी पूर्ण वाकत नाही. रोटर जाम झाला आणि तोच करंट चालू राहिला तर वाकते. सेटिंगच्या १.२ पट करंट असेल तर तो दोन तासांच्या आत ट्रिप झाला पाहिजे, आणि १.०५ पटीला ट्रिप होता कामा नये. म्हणजे मोटरचं वाइंडिंग जसं सावकाश तापतं, तशीच पट्टीही तापते. चालू होतानाचा करंट आणि जाम झाल्यावरचा करंट यांतला फरक हा रिले वेळेवरून ओळखतो.

पण यासाठी डायल नेमप्लेटवरच्या करंटवर हवी. नेमप्लेटवर ७.५ अँपिअर लिहिलं असेल तर डायल ७.५ वर. मी उघडलेल्या कितीतरी पॅनेलमध्ये ती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेली असते. गोष्ट तीच असते. पंप ट्रिप व्हायला लागला, सकाळी पाणी नव्हतं, लोक ओरडले, आणि आलेल्या माणसाने पेचकसने डायल वर नेली. पंप चालला, सगळे खूश. मूळ कारण मात्र तसंच राहिलं: बेअरिंग बसलेलं, पंपात कचरा अडकलेला, व्होल्टेज कमी, किंवा वायरच्या टोकाला असलेल्या एखाद्या लगचा स्क्रू ढिला होऊन तिथे वायर तापलेली. महिना-दोन महिन्यांत मोटर रिवाइंडिंगला जाते. ट्रिप होणारा रिले तुम्हाला काहीतरी सांगत असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) घेऊन तिन्ही फेजचा करंट मोजा. तिन्ही सारखे आणि जास्त असतील तर दोष पंपात किंवा व्होल्टेजमध्ये. एक फेज वेगळा असेल तर दोष वायरिंग, कॉन्टॅक्ट, सप्लाय किंवा वाइंडिंगमध्ये. करंट बरोबर असूनही रिले उडत असेल तरच रिलेवर संशय घ्या. रिसेट ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, तेही पाहा. ऑटो रिसेट आणि ऑटो फ्लोट एकत्र आले तर मोटर ट्रिप होते, थंड होते, पुन्हा चालू होते, आणि जळेपर्यंत हे चक्र चालतं.

शॉर्ट सर्किट झालं तर हा रिले उपयोगाचा नाही. तिथे काही मिलिसेकंदांत तोडायला फ्यूज किंवा एमसीबीच हवा. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून दोन्ही लागतात. फायर पंपाचा हिशोब मात्र उलटा असतो. आग लागलेली असताना मोटर वाचवायची नसते, पाणी चालू ठेवायचं असतं, म्हणून त्याच्या पॅनेलमध्ये ओव्हरलोडवर मोटर बंद पाडण्याची घाई करत नाहीत. पाण्याच्या पंपाचा स्टार्टर उचलून फायर पंपाला लावू नये तो यासाठी.

मोटर जाळण्यात पुढचा नंबर सिंगल फेजिंगचा. तीनपैकी एक फेज गेला: कुठे फ्यूज उडाला, केबलचा जोड जळाला, कॉन्टॅक्टरचा एक पोल खराब झाला. मोटर उभी असेल तर ती फक्त गुंगते, फिरत नाही, कारण दोन फेजवर फिरतं क्षेत्र तयार होत नाही. पण आधीपासून फिरत असेल तर ती फिरतच राहते. बाहेरून काही कळत नाही, आत मात्र उरलेल्या दोन फेजमधला करंट साधारण १.७३ पट होतो. मोटर पूर्ण लोडवर असेल तर ओव्हरलोड रिले पकडेल. लोड निम्मा असेल तर लाइनमधला करंट सेटिंगच्या खालीच राहू शकतो, आणि डेल्टामध्ये (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडलेल्या मोटरीत तीनपैकी एकाच वाइंडिंगवर जास्त भार येऊन ते हळूहळू भाजत राहतं. जळालेली मोटर उघडल्यावर वाइंडिंगचा ठरावीक भाग काळा आणि बाकीचा नव्यासारखा दिसला, तर कारण बहुतेक हेच.

कॉन्टॅक्टर का सुटत नाही? कॉइल आर फेज आणि न्यूट्रलवर असेल तर वाय किंवा बी गेल्याचं तिला कळणारच नाही. दोन फेजवर असेल तर तिसरा गेल्याचं कळणार नाही. नुसता व्होल्टेज बघणारा साधा प्रिव्हेंटरही (फेज गेल्यावर मोटर थांबवणारं उपकरण) चालत्या मोटरीत फसू शकतो, कारण फिरणारी मोटर स्वतःच गेलेल्या फेजच्या वायरवर बरंचसं व्होल्टेज उलटं तयार करते. म्हणून करंटचा असमतोल बघणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर घ्यावा. त्याचा कॉन्टॅक्टही त्याच ओळीत, ९५-९६ च्या शेजारी सिरीजमध्ये जातो. रिवाइंडिंगच्या एका बिलापेक्षा तो सहसा स्वस्तच पडतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखाद्या खर्चासाठी भांडायचंच असेल, तर यासाठी भांडा.

मोठ्या मोटरींसाठी, साधारण साडेसात-दहा एचपीच्या वर, डीओएल परवडत नाही. १० एचपीची मोटर चालताना १४ अँपिअर घेते, पण चालू होताना ८० च्या वर जाते आणि बिल्डिंगचे दिवे मंदावतात. इथे स्टार-डेल्टा येतो. मोटरमधून तीन ऐवजी सहा वायरी बाहेर काढतात, प्रत्येक वाइंडिंगची दोन टोकं. सुरुवातीला तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधली की तो स्टार होतो, आणि प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ ऐवजी २४० व्होल्ट येतात. लाइनचा करंट डीओएलच्या एक तृतीयांश होतो. ८४ च्या जागी २८. पण जोरही एक तृतीयांशच राहतो, हे लोक विसरतात. सेंट्रिफ्युगल पंपाला ते चालतं, कारण कमी वेगात पंपाला जोर लागतच नाही, वेगाबरोबर लागतो. कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना अनलोड करावं लागतं ते यामुळेच. माल भरलेला कन्व्हेयर स्टारमध्ये हलतच नाही.

पॅनेलमध्ये तीन कॉन्टॅक्टर असतात: मेन, स्टार, डेल्टा. हिरवं बटण दाबलं की आधी स्टार खेचतो, त्याच्या कॉन्टॅक्टमधून मेन खेचतो, आणि टायमर मोजायला लागतो. काही सेकंदांनी टायमर स्टारला सोडतो, क्षणभर थांबतो आणि डेल्टाला खेचतो. तो क्षणभराचा, काही डझन मिलिसेकंदांचा थांबा फार महत्त्वाचा आहे. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी आत असले तर तिन्ही फेज थेट एकमेकांना भिडतात. मध्ये मोटरचं वाइंडिंगही नसतं. पूर्ण शॉर्ट. म्हणून स्टारच्या कॉइलच्या ओळीत डेल्टाचा २१-२२ आणि डेल्टाच्या ओळीत स्टारचा २१-२२ घालतात, म्हणजे एक आत असेल तर दुसऱ्याला करंटच मिळत नाही. शिवाय दोघांच्या मध्ये एक मेकॅनिकल इंटरलॉक असतो, जो एक खेचला असताना दुसऱ्याला हलूच देत नाही. दोन्ही ठेवा. वायरिंगचं इंटरलॉक वायरिंगच्या चुकीपासून वाचवत नाही.

टायमर किती ठेवायचा याला ठरलेला आकडा नाही. मोटर स्टारमध्ये पूर्ण वेगाच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे गेली की डेल्टा यायला हवा. अँपिअर मीटरकडे पाहा: काटा वर जातो, थोडा वेळ तिथेच राहतो आणि मग पडायला लागतो. तो पडून स्थिरावला की बदल व्हावा. आधी झाला तर डेल्टामध्ये जवळजवळ डीओएलएवढाच झटका बसतो आणि तीन कॉन्टॅक्टर घेऊन काहीच मिळत नाही. फार उशिरा झाला तर मोटर स्टारमध्येच पूर्ण लोड ओढत तापते. आणि ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या वायरींवर बसवला असेल तर त्याची डायल नेमप्लेटच्या ०.५८ पट हवी, म्हणजे १४ ला साधारण ८.१. त्या जागी थेट १४ वर ठेवलेला रिले ओव्हरलोडपासून मोटरचं रक्षण करत नाही. ही चूक मला अनुभवी हातांच्या पॅनेलमध्येही दिसते.

दिशा बदलायची असेल, म्हणजे होइस्ट किंवा सरकतं गेट असेल, तर दोन कॉन्टॅक्टर लागतात. दुसरा कॉन्टॅक्टर दोन फेजची अदलाबदल करतो आणि मोटर उलटी फिरते. दोन्ही एकदम खेचले तर पुन्हा शॉर्ट, म्हणून इंटरलॉकची तीच दुहेरी व्यवस्था. आजकाल व्हीएफडी (मोटरचा वेग बदलू शकणारा ड्राइव्ह) आणि सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारा) बऱ्याच ठिकाणी आलेत. ते सुरुवातीचा करंट फार सफाईने कमी करतात, पण त्यांच्या स्टार्ट-स्टॉपच्या टर्मिनलला जाणारी बारीक वायरींची ओळ बरीचशी वर सांगितल्यासारखीच असते.

शेवटी, पंप चालू होत नसेल तर कुठून शोधायचं ते सांगतो. हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे, कारण उघड्या पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट हातभर अंतरावर असतात. आणि कंट्रोलचा फेज दुसऱ्या फीडरवरून (पुरवठ्याच्या वेगळ्या लाइनवरून) आलेला असेल तर मेन बंद केल्यावरही बारीक वायरींत करंट असू शकतो. पण कमिटीच्या माणसाला क्रम माहीत असला तर समोरचा नीट काम करतोय की नुसते भाग बदलतोय हे कळतं. आधी तिन्ही फेज आहेत का ते मीटरने बघायचं, दिव्यांवर विसंबायचं नाही. मग हिरवं बटण दाबून कॉन्टॅक्टर खेचतो का ते ऐकायचं. खेचतो पण मोटर फिरत नाही, तर दोष जाड वायरींत: पोल, रिले, केबल, मोटर. खेचतच नाही, तर दोष बारीक वायरींत, आणि मग मीटरचं एक टोक न्यूट्रलवर ठेवून (कॉइल दोन फेजवर असेल तर ए२ च्या फेजवर) दुसरं टोक ओळीने पुढे न्यायचं: कंट्रोल फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, ९५, ९६, लाल बटणाच्या आधी, नंतर, मग हिरवं बटण कोणालातरी दाबून धरायला सांगून त्याच्या पलीकडे, आणि शेवटी ए१. ज्या दोन जागांच्या मध्ये व्होल्टेज नाहीसं होतं, तिथे बिघाड. ए१ पर्यंत पूर्ण व्होल्टेज आहे, ए२ ची वायर शाबूत आहे, तरी खेचत नाही, तर मेन बंद करून कॉइल मोजायची. तुटलेली कॉइल ओहम मीटरवर लगेच कळते. चांगला वायरमन हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत करतो आणि मगच सामान आणायला दुकानात जातो.